लेकीचा फोन कायम स्पीकरवर असतो

पत्र :

“माझी मुलगी २७ वर्षांची. लग्नाला साडेतीन वर्षं झाली, दोन वर्षांचा मुलगा आहे. चिंचवडला सासू-सासऱ्यांबरोबर राहते, फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. जावई चांगल्या नोकरीत, दारूला शिवत नाही, आला की वाकून नमस्कार करतो. बाळंतपणानंतर तिची नोकरी सुटली, म्हणजे सोडायला लावली. तेव्हापासून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. लग्नातलं अकरा तोळे सोनं सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे. भाऊबीजेला आली तेव्हा पूर्ण बाह्या आणि गळ्याला ओढणी गुंडाळलेली. ओढणी सरकली तर कानाखाली नखांचे ओरखडे, आवाजही घोगरा. ‘घसा बसलाय’ म्हणाली. आमचे हे म्हणतात, दिल्या घरचं तिचं ती बघेल. दीर म्हणतात, चार माणसं घेऊन जाऊ, जाब विचारू, नाहीतर गाडीत घालून घेऊनच येऊ. मला दोन्ही पटत नाही. हा छळच आहे ना, की मीच नको तिथे शंका घेतेय? संक्रांतीला नातवाच्या बोरन्हाणासाठी तिला बोलवावं म्हणते. बोलवू का?”
– एक आई, कराड

उत्तर :

ताई, बाकी सगळं घटकाभर बाजूला ठेवू आणि आधी त्या ओढणीखालचं बोलू.

कानाखाली किंवा जबड्याच्या कडेला ओरखडे आणि त्याच वेळी बसलेला आवाज, हे दोन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय गळा दाबल्याचा घ्यायचा. ते ओरखडे पुष्कळदा बाईच्या स्वतःच्याच नखांचे असतात, गळ्यावरचा हात सोडवताना उठलेले. गळा दाबल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही असंही खूपदा होतं. आतमध्ये मात्र स्वरयंत्राला सूज येते, मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला इजा होऊ शकते, तिथे गुठळी धरते आणि काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, पक्षाघाताचा झटका येतो. म्हणून ‘आता बरी आहे ना, दिवाळी होऊन गेली’ असं म्हणून हे सोडायचं नाही.

ती एकटी भेटेल तेव्हा पाचच गोष्टी विचारा. डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? मधलं काही आठवत नाही असं वाटतं का? कपड्यातच लघवी झाली होती का? गिळताना दुखत होतं का? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके दिसले होते का? एकाचंही उत्तर हो आलं, तर डॉक्टरांना दाखवायचं आणि ‘घसा बसलाय’ न म्हणता ‘नवऱ्याने गळा दाबला’ असं सांगायचं. एका बाजूची डोकेदुखी, मानेत कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याला अंधुक दिसणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. केसपेपरवर तेच लिहिलं जातं जे ती बोलते. ‘बाथरूममध्ये पडले’ असं एकदा लिहिलं गेलं, की वर्षभराने कोर्टात तोच कागद समोरच्या वकिलाच्या हातात असतो.

अशा केसची एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय केस) म्हणून नोंद करून हॉस्पिटल पोलीस चौकीला कळवतं. याला बायका घाबरतात. पण नोंद झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. पोलीस जबाबाला आले तर ‘सध्या मला तक्रार द्यायची नाही’ असं ती लिहून देऊ शकते. केसपेपर मात्र कायमचा राहतो.

गळ्याचं इतकं लांबवण्याचं कारण साधं आहे. ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका नुसती मारहाण करणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो सातपटीहून जास्त दिसला होता. गरोदरपणातली मारहाण, चाकू किंवा रॉकेल हातात घेऊन दिलेली धमकी, पाठलाग, मारण्याचं प्रमाण अलीकडे वाढणं, ‘पोराला घेऊन जाईन, तुला दिसणार नाही’ हे वाक्य, या सगळ्या त्याच जातीच्या खुणा. यातल्या दोन-तीन एकत्र असतील तर खालचं नियोजन सावकाश करायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही नको तिथे शंका घेत नाही आहात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक हिंसेबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसाही लिहिलेली आहे. नोकरी करू न देणं, स्त्रीधन दाबून ठेवणं, घरखर्चाला पैसे न देणं, हे त्यात बसतं. माहेरच्यांशी मोकळं बोलू न देणं हा तर सगळ्याचा पाया, कारण एकट्या पडलेल्या बाईला बाहेरचं कुणी विचारत नाही आणि तिचं तिलाही ‘आपलंच चुकतंय’ वाटू लागतं.

‘दारूला शिवत नाही, नमस्कार करतो’ हे तुम्ही त्याच्या बाजूने लिहिलंय, पण ते विरुद्ध बाजूलाही वाचता येतं. ज्याचा रागावर ताबा नसतो तो साहेबावर, रिक्षावाल्यावर, सासऱ्यावरही हात उचलतो. हा फक्त एकीवरच उचलतो, दार लावून उचलतो आणि बाहीखाली झाकेल अशा जागी मारतो. म्हणजे ताबा पुरेपूर आहे. मारल्यावर आठवडाभर तो सोन्यासारखा वागत असेल, गजरा आणत असेल, पोराला बागेत नेत असेल, हेही गृहीत धरा. तुमची लेक त्या आठवड्याच्या आशेवर राहते. तिला मूर्ख समजू नका.

दिरांच्या चार माणसांबद्दल. त्यांचा जीव तुटतोय हे दिसतं, पण बैठक या प्रकरणात उलटते. समोर नवरा, सासू, सासरे बसलेले असताना ‘बोल बाळ, काय त्रास आहे?’ असं विचारलं की ती ‘काही नाही’ म्हणणार. मग ‘तीच म्हणते काही नाही’ हा पुरावा त्यांच्याकडे जमा. चहा होतो, तुमची गाडी टोलनाक्यावर पोचण्याआधी तिला त्या चहाची किंमत मोजावी लागते, आणि पुढच्या वेळी फोनही हातात मिळत नाही. कुणी जावयावर हात टाकला तर तुमच्याच घरच्यांवर केस होते आणि ती मागे घेण्याच्या बदल्यात तिची तक्रार मागे घ्यायला लावतात. हा सौदा पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात रोज चालतो.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘पुन्हा असं करणार नाही’ लिहून घेण्याचंही तेच. तो कागद मोडला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. असा कागद आधीच झालेला असेल तर फाडू नका. त्याने मारल्याची कबुली त्याच्या सहीने आहे, ती पुढे उपयोगी पडते.

गाडीत घालून आणणं हा दुसरा टोकाचा उपाय. ती मनाने तयार नसताना आणलीत तर एकाच्या हुकमातून दुसऱ्याच्या हुकमात आणल्यासारखं होतं, आणि पंधरा दिवसांत त्याच्या रडण्याला विरघळून ती परत जाते. दुसरं म्हणजे, अशा नात्यात सगळ्यात धोक्याचा काळ असतो तो बाई निघते तेव्हाचा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांचा. तिला बाहेर पडायचं असेल तर गुपचूप, दिवसा, तो कामावर असताना, मुलासह. भांडणाच्या भरात ‘मी चालले’ म्हणून कधीच नाही.

मग तुम्ही काय करायचं? आधी फोन. तो स्पीकरवर आहे हे धरूनच बोला. भाजी काय केली, पोराने काय नवीन शब्द काढला, एवढंच. त्रासाबद्दल एक अक्षर काढू नका, जावयाबद्दल वाईट तर मुळीच नाही. ते ऐकून तो तिचा फोन बंद करेल आणि तिलाही त्याची बाजू घ्यावी लागेल. फोन वारंवार, ठरावीक वेळी आणि कंटाळवाणे होऊ द्या. कंटाळवाणा फोन कुणी लक्ष देऊन ऐकत नाही.

प्रत्यक्ष भेटीत दोन खुणेचे शब्द ठरवा. ते तिच्या तोंडी शोभतील असे हवेत, पण रोज सहज येणारे नकोत. ‘आई, कुळथाचं पीठ संपलं’ याचा अर्थ : आत्ता पोलीस पाठव. ‘मेतकूट पाठवशील का’ याचा अर्थ : आज फोन करू नको, बरी आहे. शब्द ठरवून भागत नाही, तो ऐकल्यावर तुम्ही नेमकं काय करणार तेही ठरलेलं हवं. कुळीथ ऐकलं की फोन शांतपणे ठेवायचा आणि ११२ लावायचा. तो राज्यभर एकच नंबर आहे, कराडहून चिंचवडचा पत्ता देता येतो. पण घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. सोसायटीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, जवळची खूण, सोसायटीच्या वॉचमनचा फोन हे आजच एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि देवघराशेजारी टांगा. ‘माझ्या मुलीला आत्ता मारहाण चालू आहे, घरात दोन वर्षांचं मूल आहे’ हे पहिलं वाक्य, इतिहास नंतर.

तिच्या मोबाइलवर तो काय काय बघतो हे धरून चला : दुसऱ्या यंत्रावर जोडलेलं व्हॉट्सॲप, गुगलच्या खात्यातून दिसणारं ठिकाण, कॉल रेकॉर्ड करणारं ॲप. हे सगळं एकदम बंद करायला सांगू नका, त्याला पाच मिनिटांत कळेल की काहीतरी शिजतंय. नाजूक बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून करायचं. नातू प्लेग्रुपला जात असेल तर तिथल्या बाई, नाहीतर खालच्या मजल्यावरची एखादी विश्वासाची शेजारीण. फोन तिचा नसेल तर त्यात तिचं काही सापडत नाही.

एकांत मिळाला की काय बोलायचं? थोडंच. “तुझं काही चुकलेलं नाही. रात्री दोन वाजता आलीस तरी दार उघडेन. आली नाहीस तरी फोन उचलेन.” एवढं बोलून थांबा आणि गप्प बसा, ती बोलेपर्यंत. ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो’, ‘थोडं तू पण समजून घे’, ‘पोराकडे बघून दिवस काढ’ ही तीन वाक्यं तिने आधीच मनात शंभरदा ऐकलेली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुठे मदत मागितली होती, आणि मागितलेल्यांपैकी सर्वाधिक बायका आधी माहेरी गेल्या होत्या. तुमच्या यजमानांना एवढं एकदा वाचून दाखवा.

कागदांचं. मूळ कागद आत्ता हलवले तर कपाटातली रिकामी जागा दिसते. आत्ता फक्त फोटो : आधार, पॅन, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरण कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला (नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले दोन फोटो), मार्कशीट, बँकेची पासबुकं, सोन्याची बिलं. बिलं तुमच्याकडेच असतील, ती शोधून ठेवा. सोनं अंगावर घातलेले लग्नातले फोटोही. तिने पाठवलेला फोटो तिच्या गॅलरीतून काढला तरी कचरापेटीत राहतो, गुगल फोटोजमध्ये तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस. तिथूनही काढायचा.

निघण्याच्या दिवशी काही राहिलंच तर त्यासाठी परत आत जायचं नाही. आधार, पॅन, जन्मदाखला पुन्हा निघतात. पोर, चालू औषधं आणि ती स्वतः, या तीन गोष्टी बाहेर आल्या की पुरे. एका कपड्याच्या पिशवीत तिचे आणि मुलाचे दोन-दोन जोड, तीन ते पाच हजार रुपये रोख, जादा चार्जर, एवढं त्या शेजारणीकडे ठेवता आलं तर ठेवावं. रोखच, कारण यूपीआयने दिलेलं रिक्षाचं भाडंसुद्धा त्याच्या मोबाइलवर दिसू शकतं.

एक गोष्ट नव्याण्णव जण विसरतात. तिच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? लग्नानंतर पत्ता बदलताना नवऱ्याचा नंबर टाकलेला असतो. मग बँकेत खातं उघडायला गेली की ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. नंबर बदलायला साधारणपणे तिला स्वतःला आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून ती कराडला येईल तेव्हाच हे उरकायचं. खातं मग पोस्टात किंवा त्याचं खातं नसलेल्या बँकेत, पासबुक तुमच्याकडे. जुना नंबर काढला तर त्याला कळायची शक्यता असते, त्यामुळे ती परत चिंचवडला जाणार असेल तर हे आत्ता करायचं की निघाल्यावर, हे तिलाच ठरवू द्या.

पुराव्याचं काम तुम्ही आजपासून करू शकता. दोनशे पानी वही घ्या. भाऊबीजेची तारीख, किती वाजता आली, ओरखडे कुठल्या बाजूला, किती, ती काय शब्दांत बोलली, खोलीत आणखी कोण होतं. तुमचं मत लिहू नका, दिसलं-ऐकलं तेवढंच. वळाचा फोटो काढायचा तर एक चेहऱ्यासह, एक जवळून शेजारी रुपयाचं नाणं धरून, उजेडात. आणि पुन्हा दोन दिवसांनी, कारण मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळा-निळा दिसतो. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. ज्या फोनने काढला तो फोन विकायचा नाही; कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक वादात पुरावा म्हणून चालू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तरीही तिला ‘रेकॉर्ड कर’ असा आग्रह धरू नका. रेकॉर्डिंग करताना सापडली तर काय होईल, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

कायद्याकडे येऊ. ती कराडला येऊन राहिली, तात्पुरती का होईना, तर कराडच्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. कलम २७ तसं म्हणतं. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात. तुमच्या तालुक्याचे कोण आणि कुठे बसतात हे साताऱ्याच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. वकील विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. पोलीस ठाण्यात गणवेशाशी बोलायची भीती वाटत असेल तर ‘स्पेशल सेल’ विचारा. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला हा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यभर आहे, तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. एकाएकी निघावं लागलं आणि कराड गाठणं शक्य नसलं तर १८१ ही महिला हेल्पलाइन लावायची; जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाचेक दिवसांच्या निवाऱ्याची सोय असते.

अर्जात काय मागायचं हे वकिलावर सोडू नका, यादी स्वतः न्या. कलम १८ खाली संरक्षण, १९ खाली राहण्याची सोय, २० खाली खर्च, २१ खाली मुलाचा ताबा, आणि या सगळ्यासाठी कलम २३ खाली अंतरिम आदेश, सोबत प्रतिज्ञापत्र. हे २३ विसरलं तर काम अडतं. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात तारखा महिनोन् महिने लांबतात आणि बाईचा टिकाव लागतो तो अंतरिम आदेशावरच. दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवी, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात ठरलंय. त्यामुळे ‘बघू, पुढच्या महिन्यात अर्ज करू’ याची किंमत रुपयांत मोजता येते.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क नाही, असं कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या ऑक्टोबर २०२० च्या निकालानंतर, ज्या घरात ती सून म्हणून नांदली ते घर सासऱ्यांचं असलं तरी ‘सामाईक घर’ ठरू शकतं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. आणि गळ्यापर्यंत हात गेलेल्या घरात तो हक्क वापरावा का, हा वेगळा प्रश्न. त्याऐवजी भाड्याच्या खोलीचा खर्च मागता येतो. सोनं तिचं स्त्रीधन, सासूच्या लॉकरमध्ये असलं तरी तिचंच. बिलं आणि फोटो इथे लागतात.

प्रतिवादी कोण करायचे यात बहुतेकांचा तोल जातो. ज्याने जे केलं तेवढंच, तारखेसह. नवरा, आणि सोन्यापुरती सासू. कुठे दूर राहणारी नणंद, तिचा नवरा, चुलत सासरे अशी बारा नावं घातली की मोघम आरोपांमुळे ती उडतात आणि खऱ्या दोघांवरची केसही संशयात येते.

फौजदारी तक्रार हा वेगळा रस्ता. १ जुलै २०२४ नंतरच्या छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, त्याआधीच्यासाठी जुनं ४९८-अ. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. माहेरी आसरा घेतलेल्या ठिकाणीही ही तक्रार देता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बोळवण करू लागले तर ‘कलम ८५ दखलपात्र आहे, एफआयआर घ्या’ म्हणा. तरी नाही घेतली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने. ही तक्रार करायची की नाही, कधी करायची, हे मात्र तिने ठरवायचं. २००५ चा कायदा आदेश आणि खर्च मागतो, हा शिक्षा मागतो. काहींना दोन्ही हवं असतं, काहींना फक्त सुटका.

आणि ती येईल त्याच दिवशी कराड पोलीस ठाण्यात तिच्या सहीचा एक अर्ज द्या : मी स्वतःच्या मर्जीने, मुलासह, आई-वडिलांकडे आले आहे, कारण अमुक. पोच घ्या. नाहीतर तिकडून ‘बायको-पोर बेपत्ता’ अशी तक्रार पडते आणि दुसऱ्या दिवशी पोलीस तुमच्या दारात. मुलाचं वय दोन. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं, त्यामुळे पोर नेईन या धमकीला ती समजते तेवढा जोर नाही. ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ असं तो म्हणाला तर त्याच्या पत्त्यावर ११२ पाठवायचं, तिने परत जायचं नाही. ती स्वतः तसं बोलू लागली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो.

आता बोरन्हाण. बोलवा, नक्की बोलवा. आजोळी बोरन्हाण आहे म्हटल्यावर नाही म्हणायला सासरच्यांना निमित्त सापडत नाही. आमंत्रण लेकीला देऊ नका, विहीणबाईंना द्या, रीतसर, हलव्याचे दागिने केलेत असं सांगून. तिथी संक्रांतीची न धरता रथसप्तमीच्या जवळची धरा आणि चार दिवस आधी पाठवा म्हणा. तो सोबत येईल असं धरूनच बेत करा. बोरन्हाणाबरोबर हळदीकुंकू ठेवा. बायकांनी घर भरलं की पुरुष आपसूक बाहेर जातात, आणि तेव्हा दिरांच्या त्या जोराचा उपयोग करून घ्या : जावयाला शेत दाखवायला, कृष्णामाईच्या घाटावर, कुठेही, तीन तास घेऊन जायचं, हसतखेळत, जाब न विचारता. मोबाइल तिने बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. गळ्याबद्दलचे पाच प्रश्न, खुणेचे दोन शब्द, त्या तीन तासांत एवढंच होईल आणि एवढं पुरे. चार दिवस तिला एकटीला मिळाले तर आधी झोपू द्या, मग उपजिल्हा रुग्णालय आणि आधार केंद्र.

पण गळ्याचे प्रश्न त्या दिवसापर्यंत थांबवू नका. येत्या आठवड्यात सकाळची एसटी पकडा, नातवाला स्वेटर द्यायच्या निमित्ताने, आणि प्लेग्रुप सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा. एकट्याच जा.